मेअखेर ते जूनअखेर अमेरिका : आधी वाळवंट, की आधी यलोस्टोन?

औदुंबर (पुणे) | १८ जानेवारी

नमस्कार मंडळी. मी आणि सौ. २० मे रोजी न्यूजर्सीला लेकीकडे पोहोचत आहोत आणि ५ जुलैला तिथूनच परत निघणार आहोत. याआधी दोनदा गेलो होतो, पण न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि नायगारा यांपलीकडे पाऊल पडले नाही. दोन्ही वेळा लेकीचे बाळंतपण होते, त्यामुळे फिरण्याचा विचारही मनात नव्हता. या खेपेस मात्र पश्चिमेकडचा भाग पाहायचाच, असे दोघांनी ठरवले आहे.

कच्चा आराखडा असा आहे. २४ ते ३० मे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान. १ ते १२ जून कॅलिफोर्नियात भाच्याकडे, त्यातच लास व्हेगासहून डेथ व्हॅली पाहून टायोगा घाटाने योसेमिटीत उतरायचे. मग आठवडाभर न्यूजर्सीत विश्रांती. २२ ते ३० जून लेक, जावई आणि नात यांच्यासह ग्रँड कॅनियन, झायन, ब्राइस आणि अँटिलोप कॅनियन. शेवटचा टप्पा असा उशिरा ठेवण्याचे कारण म्हणजे नातीची शाळा. मे लागला की शाळा सुटते ही आपली कल्पना, पण न्यूजर्सीत ती जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते.

सौ.चे गुडघे दुखतात आणि मला रक्तदाबाची गोळी आहे, एरवी दोघेही ठणठणीत आहोत. मे आणि जून यांत असे काय मोठे अंतर आहे, असे मला वाटत होते. जावई म्हणतात की क्रम चुकला आहे. क्रमाने खरोखरच एवढा फरक पडतो का?

डोंगरवाट (डेन्व्हर) | १८ जानेवारी

औदुंबरकाका, क्रम चुकला आहे, आणि तोही बरोब्बर उलटा चुकला आहे. जावईबापूंचे ऐका.

आपल्याकडे उन्हाळा महिन्यांवरून कळतो. मे म्हणजे उकाडा, आणि मृग लागला की पाऊस, हे हिशेब आपल्या अंगात मुरलेले असतात. अमेरिकेच्या पश्चिमेत मात्र उन्हाळा आधी उंचीवरून ठरतो आणि मग महिन्यावरून. दर हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, हे शाळेत आपण वाचलेले असते. इथे ते एका दिवसाच्या गाडीप्रवासात अंगावर येते. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ, जिथे लोक चप्पल घालून आइस्क्रीम खात उभे असतात, तो सुमारे २,१०० मीटरवर आहे, आणि यलोस्टोनमधला ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्याचा परिसर त्याहूनही थोडा वर, २,२४० मीटरवर. म्हणजे तुम्ही मेअखेरीस कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सहाशे मीटर उंचावर आणि शिवाय कितीतरी उत्तरेला जाणार आहात. तिथला तो हिवाळ्याचा शेवट असतो. यलोस्टोनचे रस्ते एप्रिलच्या मध्यापासून एकेक करून उघडतात आणि डनरेव्हन खिंडीसारखा शेवटचा तुकडा मेअखेरपर्यंत रखडतो. यलोस्टोन सरोवरावरचा बर्फही मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी फुटतो.

उलट जूनच्या अखेरीस तुम्ही नातीला घेऊन जिथे चालला आहात, त्या वाळवंटाला तेव्हा भट्टी चढलेली असते. म्हणून मी पाहुण्यांना एवढेच सांगतो की मेमध्ये दक्षिणेकडचे आणि सखल प्रदेश पाहावेत आणि जून सरताना उंच आणि उत्तरेकडचे. बर्फ जसा वर सरकत जातो, तसे त्याच्या मागून आपण चढत जावे.

आता टायोगा. त्या रस्त्याची तारीख आज कोणीही सांगू शकत नाही. २०२४ साली तो १० जूनला उघडला आणि त्याच्या आदल्या वर्षी, सिएरा पर्वतात विक्रमी बर्फ पडल्यामुळे, थेट २२ जुलैला. त्या वर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यातल्या तारखांना ज्यांनी आरक्षण केले होते, त्यांना पर्वताला दक्षिणेकडून वळसा घालून यावे लागले. १ एप्रिलच्या सुमारास कॅलिफोर्नियात बर्फाची मोजणी होते, कारण साठा तेव्हा कळसाला पोहोचलेला असतो असे धरतात. तो आकडा सरासरीच्या खाली असेल तर जूनच्या आरंभी टायोगाची आशा धरावी. दीडपट असेल तर नाव काढू नये. सगळे नियोजन आज पक्के करण्याचा मोह होतो, पण हा एक निर्णय एप्रिलवर सोडून द्या.

सागरगोटा (सॅन डिएगो) | १९ जानेवारी

डोंगरवाट यांनी उंचीचे गणित उत्तम मांडले आहे, परंतु किनाऱ्यावर ते गणित चालत नाही, म्हणून ही पुरवणी.

कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, असे मनात धरून आमच्याकडे मे-जूनमध्ये येणारे पाहुणे पहिले तीन दिवस खिडकीतून बाहेर पाहत बसतात. इथे त्या काळाला 'मे ग्रे' आणि 'जून ग्लूम' अशी नावेच पडली आहेत. किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह थंड असतो, शिवाय वाऱ्यामुळे खालचे गार पाणी वर येते, त्यावरची हवा गारठते आणि तिच्यावर गरम हवेचे झाकण बसते. आतले खोरे जितके तापेल तितकी ती गार, ढगाळ हवा जमिनीकडे ओढली जाते. पाऊस पडत नाही, वादळ नसते, केवळ मळभ असते. दक्षिणेत ते बहुधा दुपारपर्यंत विरते, काही दिवस मात्र संध्याकाळपर्यंत हटत नाही. किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत गेलात की लख्ख ऊन.

सॅन फ्रान्सिस्कोत जूनमधले दुपारचे सरासरी तापमान एकोणीस अंशांच्या आसपास असते, आणि तिथून जेमतेम दीडशे किलोमीटरवरच्या सॅक्रामेंटोत एकतीस. गोल्डन गेट पुलाजवळ पंधरा-वीस डॉलरचे जाड जॅकेट विकत घेऊन अंगात चढवलेली जी मंडळी दिसतात, ती सगळी माझ्या मते जूनमधले पाहुणे असतात. माझे सासरेही त्यांपैकीच. ते जॅकेट आता सांगलीत दिवाळीच्या पहाटे वापरले जाते.

म्हणून किनारा तारखेने टाळण्यात अर्थ नाही. रोजचा क्रम तेवढा बदला. सकाळी संग्रहालय किंवा घरचे निवांत जेवण आणि दुपारनंतर समुद्र.

औदुंबर (पुणे) | १९ जानेवारी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सौ.ने कळसूबाईचे वाक्य वाचून लगेच कानटोप्या कपाटातून खाली काढल्या आहेत.

अडचण अशी आहे की ग्रँड कॅनियन नातीलाच पाहायचे आहे. तिने शाळेत त्याची प्रतिकृती केली होती. जूनअखेरीस तिथे नक्की किती ऊन असते? आम्ही पुण्यात ४० अंश सहन करतो, आणि माझी सगळी नोकरी चंद्रपुरात गेली आहे.

मृगजळ (फीनिक्स) | २० जानेवारी

चंद्रपूरचा माणूस म्हटल्यावर मला आदराने बोलले पाहिजे, तरीही चार गोष्टी सांगतो.

ग्रँड कॅनियनच्या बाबतीत 'तिथे किती ऊन असते' या प्रश्नाला एक उत्तर नसते. दक्षिण काठावर जूनमधले दुपारचे सरासरी तापमान सत्तावीस अंश असते, म्हणजे पुण्यातला डिसेंबर-जानेवारी जमेस धरा. त्याच वेळी खाली कोलोरॅडो नदीपाशी ते अडतीस अंश असते, आणि सरासरी म्हटल्यावर कित्येक दिवस त्याच्या बरेच वर. काठावरून पाहून परतायचे असेल तर जूनअखेरही चालेल. पण नातवंडे काठावर थांबत नाहीत. पायवाट उताराची असते, सावली दिसते, पाय आपोआप खाली चालत राहतात. आपल्या गडांवर आधी दमायचे आणि मग उतरायचे असते. इथे उतरणे आधी येते आणि चढण नेमकी भर दुपारी वाट्याला येते. म्हणूनच उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत दरीतल्या वाटांवर चालू नये, असे उद्यानाचे लोक बजावतात.

उरलेल्या जागा मात्र जूनअखेरीस खरोखर कठीण आहेत. फीनिक्समध्ये जूनची दुपारची सरासरीच चाळिशीच्या वर असते. २० जून २०१७ रोजी आमच्याकडे ४८ अंश होते आणि लहान प्रवासी विमानांची कित्येक उड्डाणे रद्द झाली, कारण इतक्या तापलेल्या विरळ हवेत उड्डाण करण्यासाठी त्या विमानांना ठरवून दिलेली तापमानाची मर्यादा ओलांडली गेली होती. डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकची जूनची सरासरी ४३ अंशांच्या आसपास आहे. जगातले सर्वाधिक म्हणून नोंदले गेलेले ५६.७ अंश तापमान तिथलेच, १० जुलै १९१३चे. मेअखेरही ती जागा थंड नसते, पण सूर्योदयाला झाब्रिस्की पॉइंट आणि नऊपर्यंत बाहेर, एवढे जमते.

जूनच्या उत्तरार्धात आणखी एक भर पडते. १५ जून ते ३० सप्टेंबर हा नैर्ऋत्येकडचा मॉन्सून म्हणून धरला जातो. आपल्यासारखी संततधार नसते, बहुतेक वर्षी खरा पाऊस जुलैतच येतो, पण दूरवर पडलेल्या एका सरीचे पाणी कोरड्या घळीतून भिंतीसारखे येते. १२ ऑगस्ट १९९७ला लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये अकरा पर्यटक असेच वाहून गेले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर म्हणण्यासारखा पाऊसही नव्हता. मेअखेरीस ही चिंता कमी असते.

संत्रानगरी (नागपूर) | २० जानेवारी

मी हा प्रवास जूनच्या शेवटच्या आठवड्यात केला आहे आणि एवढी भीती घालण्याची गरज नाही असे माझे मत आहे. तिथली उष्णता कोरडी असते, घाम लगेच सुकतो, गाडी, हॉटेल, दुकान सर्वत्र वातानुकूलन असते. नागपुरात ४६ अंशांत आम्ही लग्ने लावतो.

मृगजळ (फीनिक्स) | २१ जानेवारी

संत्रानगरी, लग्ने लावता हे खरे, पण मुहूर्त गोरज आणि वऱ्हाड कूलरपुढे. नागपूरकर दुपारी बारा ते चार रस्त्यावर दिसत नाही, यातच त्याचे शहाणपण आहे. तोच नागपूरकर पर्यटक झाला की 'एवढे पैसे भरून आलो आहोत' म्हणून बरोबर दोन वाजता दगडावर उभा राहतो.

घाम सुकतो याच कारणाने फसगत होते. कपडे ओले होत नाहीत, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले याचा अंदाज येत नाही. काकांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना मुद्दाम विचारावे.

डोंगरवाट (डेन्व्हर) | २१ जानेवारी

एकाच दिवसात उंचीचा खेळ पाहायचा असेल तर झायन आणि ब्राइस यांच्याइतके चांगले उदाहरण नाही. दोन्ही यूटात, गाडीने अंतर सुमारे दोन तासांचे. झायनची दरी साधारण १,२०० मीटरवर, तिथे जूनमध्ये दुपारी छत्तीस-सदतीस अंश. ब्राइसचा काठ २,४०० मीटरच्या वर, आणि तिथे जूनच्या आरंभी पहाटे पारा शून्याजवळ जातो. सूर्योदयाला त्या तांबड्या सुळक्यांपुढे जे लोक हॉटेलमधली रजई पांघरून उभे असतात, ते आदल्या दुपारी झायनमध्ये अर्ध्या चड्डीत होते.

झायनमध्ये नदीतून चालत जाण्याची 'नॅरोज' नावाची वाट बर्फ वितळण्याच्या काळात बंद असते. पाण्याचा प्रवाह ठरावीक मर्यादेखाली येईपर्यंत, म्हणजे सेकंदाला १५० घनफूट, ती उघडत नाहीत. काकूंच्या गुडघ्यांना ती वाट नकोच, पण तरुणांनी मेअखेरीस तिच्यावर बेत आखू नये. ग्रँड कॅनियनच्या उत्तर काठावरचे जुने लॉज जुलै २०२५च्या वणव्यात जळाले, त्यामुळे मुक्काम दक्षिण काठावरच धरावा.

रानपाखरू (बोझमन) | २२ जानेवारी

मी यलोस्टोनच्या उत्तरेला राहते. डोंगरवाट यांच्या म्हणण्याला माझा थोडा विरोध आहे.

मेअखेरचे यलोस्टोन वाईट, असे सरसकट म्हणू नये. बर्फ वर असतो म्हणूनच प्राणी खाली असतात. लामार खोऱ्यात त्या दिवसांत गव्यांची, म्हणजे बायसनची, नारिंगी रंगाची पिल्ले आयांच्या मागे धावताना दिसतात. अस्वलेही सखल कुरणांत उतरलेली असतात, आणि शाळा सुरू असल्याने गर्दीही बेताची असते. जुलैत या सगळ्याच्या जागी मोटारींची रांग दिसते. मला स्वतःला कोणी एकच आठवडा निवडायला सांगितला तर मी मेचा शेवटचाच निवडेन, पण मी इथली आहे. हिमवर्षाव झाला तर घरी परतते आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जाते. साता समुद्रापलीकडून आलेल्या माणसाला ती सोय नसते. म्हणून तुमच्यासाठी २० जूननंतरचा काळच बरा.

जूनमध्येही निसर्ग आपला हिशेब मांडतो, हे लक्षात असू द्या. १३ जून २०२२ला उरलेल्या बर्फावर जोराचा उबदार पाऊस पडला, दोन्हींचे पाणी एकदम नद्यांत आले आणि उत्तरेचा प्रवेशरस्ता जागोजाग वाहून गेला. दहा हजारांहून अधिक पर्यटकांना बाहेर काढावे लागले. दक्षिणेकडचा रस्ता २२ जूनला उघडला. तेव्हापासून मी पाहुण्यांना सांगते की सगळे मुक्काम एकाच दाराशी घेऊ नका, दोन रात्री पश्चिमेला आणि दोन दक्षिणेला, अशी विभागणी करा.

माझ्या दादाला मोंटानातले ग्लेशियर उद्यानही याच सहलीत जोडायचे होते. तिथला 'गोइंग टू द सन' रस्ता ऐंशी किलोमीटरचा, लोगन खिंडीतून जाणारा. तो पूर्ण उघडायला जूनअखेर किंवा जुलै उजाडतो. २०२२ साली १३ जुलै उजाडली. वहिनी अजूनही ते मला ऐकवते.

पाऊसवेडी (सिएटल) | २२ जानेवारी

आमच्या बाजूला कोणी येणार असेल तर थोडक्यात. इथे खरा उन्हाळा चार जुलैची आतषबाजी पावसात भिजल्यानंतर सुरू होतो, असे स्थानिक लोक थट्टेने म्हणतात आणि बहुतेक वर्षी ते खरे ठरते. माउंट रेनियरवरच्या पॅराडाइझला जूनभर बर्फ असतो, फुले जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये. ओरेगॉनमधल्या क्रेटर लेकभोवतीचा रस्ता पुरता मोकळा व्हायला बहुधा जुलै लागतो. औदुंबर यांनी आमचा प्रदेश यादीत घेतला नाही हे योग्यच केले.

गव्हाचे शेत (विचिटा, कॅन्सस) | २३ जानेवारी

पश्चिमेवर एवढी चर्चा झाली, पण मधल्या मैदानांबद्दल कोणी बोलले नाही. पाहण्यासारखे काही नाही असे समजून लोक इथून केवळ गाडी हाकत जातात, आणि नेमकी मे-जूनमध्ये जातात.

मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी दमट हवा, रॉकी पर्वतांकडून येणारी कोरडी हवा आणि वरून वाहणारे जोरदार वारे यांची गाठ आमच्या डोक्यावर पडते. सरासरीने पाहिले तर वर्षातले सर्वाधिक टोर्नेडो मेमध्येच होतात, आणि जून सरू लागतो तसा जोर उत्तरेकडच्या राज्यांत सरकतो. सूचनांमधला फरक मात्र पाठ असावा. 'वॉच' म्हणजे वातावरण अनुकूल आहे, कान उघडे ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे टोर्नेडो दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण मिळाली आहे, तत्काळ पक्क्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून दूर जा. पुलाखाली गाडी लावून थांबणे ही गैरसमजुतीतून रूढ झालेली अत्यंत धोक्याची सवय आहे, कारण तिथे वारा अधिकच जोराने घुसतो.

टोर्नेडो बहुतेकांना आयुष्यात दिसत नाही. गारा मात्र दिसतात. काही वर्षांपूर्वी डेन्व्हरजवळ आमच्या भाड्याच्या गाडीची पुढची काच लिंबाएवढ्या गारांनी फुटली. गाडी परत करताना खिडकीवरचा माणूस म्हणाला की तुम्ही घेतलेला विमा केवळ धडकेचा आहे, यात आभाळ येत नाही. आम्ही तो कागद वाचलाच नव्हता. तुम्ही वाचा.

दुधाणी (एडिसन, न्यूजर्सी) | २४ जानेवारी

औदुंबर, तुमचा निम्मा काळ आमच्याकडेच जाणार आहे, म्हणून पूर्वेबद्दल दोन शब्द. इथे जून म्हणजे दमट हवा, दुपारची वादळी सर आणि हिरवेगार झाडोरे. मुंबईकराला घरच्यासारखे वाटेल. पण उंच गवतातून आणि झाडीतून फिरून आलात की अंगावर गोचीड नाही ना, हे गुडघ्यामागे, काखेत आणि केसांत नीट पाहत जा. लाइम नावाचा आजार तिच्यामुळे होतो. हे नाव जवळच्या कनेक्टिकटमधल्या एका गावावरून पडले आहे, आणि गोचिडीची खसखशीएवढी पिल्ले मे ते जुलै याच काळात जोरात असतात. नातीबरोबर बागेत खेळताना हे विसरले जाते.

मेन राज्यात अकेडियाला जायचा विचार कधी केलात तर मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चावऱ्या काळ्या माश्या असतात, त्यांच्यानंतर जा.

यंदा २५ मे रोजी, सोमवारी, मेमोरियल डे म्हणजे हुतात्मा सैनिकांच्या स्मरणाची सुटी आहे. त्या शनिवार-रविवारला जोडून कोठेही प्रवास करू नका. विमानाचे भाडे, हॉटेल, रस्ता, तिन्ही ठिकाणी गर्दीला तोंड द्यावे लागते. पहिला आठवडा झोपेचे घड्याळ जुळवण्यातच जातो, तो लेकीकडे काढा.

हिशेबनीस (डॅलस) | २४ जानेवारी

पैशांचा एक मुद्दा राहिला. १ जानेवारी २०२६पासून परदेशी रहिवाशांना अमेरिकेतल्या निवडक अकरा राष्ट्रीय उद्यानांत नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज सोळा वर्षे आणि त्यावरील प्रत्येक माणसामागे १०० डॉलर जादा भरावे लागतात. ग्रँड कॅनियन, झायन, ब्राइस, योसेमिटी आणि यलोस्टोन ही तुमची पाचही उद्याने त्या अकरांत आहेत. परदेशी रहिवाशांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. दोन माणसे आणि पाच उद्याने हा गुणाकार केलात तर पास घेण्यावाचून पर्याय नाही. इथल्या रहिवाशांसाठीचा पास ८० डॉलरचा असतो, पण जावयांचा पास दाखवून आपले निभावेल असे गृहीत धरू नका.

औदुंबर (पुणे) | २६ जानेवारी

तीन दिवस आम्ही सगळे धागा वाचत होतो, काल लेकीशी तासभर बोलणे झाले. सुधारलेला बेत असा आहे.

२० ते २७ मे न्यूजर्सी, कोठेही जायचे नाही. २८ मे रोजी विमानाने लास व्हेगास. भाचा तिथे गाडी घेऊन येईल. ६ जूनपर्यंत झायन, ब्राइस, पेज (अँटिलोप कॅनियनजवळचे गाव) आणि ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ. डेथ व्हॅली आणि टायोगा हा तुकडा कंसात ठेवला आहे, १ एप्रिलचा बर्फाचा आकडा पाहून ठरवू. नाहीतर व्हेगासहून सरळ विमानाने सॅन फ्रान्सिस्को. ७ ते १४ जून भाच्याकडे, त्यात योसेमिटीची दरी. १५ ते २१ जून पुन्हा न्यूजर्सी. २२ ते २९ जून सर्वांसह यलोस्टोन, रानपाखरू यांनी सांगितल्याप्रमाणे दोन दारांशी मुक्काम विभागून.

ग्रँड कॅनियन हातचे गेले म्हणून नात रुसली होती. रंगीत उकळती कुंडे आणि गव्यांची पिल्ले यांची छायाचित्रे दाखवल्यावर तडजोड झाली. दरीच्या काठावरून तिला व्हिडिओ कॉल करायचा, अशी अट मात्र लिहून घेतली आहे.

डोंगरवाट (डेन्व्हर) | २६ जानेवारी

आता क्रम बसला. योसेमिटीची दरी जूनच्या पूर्वार्धात ठेवलीत ही फार चांगली गोष्ट केलीत, आणि कदाचित नकळत केलीत. तिथला मुख्य धबधबा ७३९ मीटरचा आहे, परंतु तो सर्वस्वी बर्फाच्या पाण्यावर चालतो. मेअखेर ते जून तो भरात असतो आणि बऱ्याच वर्षी ऑगस्टपर्यंत आटून नुसता ओला कातळ उरतो. दरी स्वतः १,२०० मीटरवर असल्याने टायोगा बंद असला तरी पश्चिमेकडून तिथे जाता येते.

कपड्यांबाबत एकच सांगतो. जाड स्वेटर एक आणण्याऐवजी पातळ थर तीन आणा. ब्राइसची पहाट, व्हेगासची दुपार आणि सॅन फ्रान्सिस्कोची संध्याकाळ तुमच्या एकाच बॅगेला भागवायची आहे.

मृगजळ (फीनिक्स) | २७ जानेवारी

औषधांची पिशवी गाडीत ठेवून उतरू नका, विशेषतः इन्सुलिन किंवा डोळ्यांचे थेंब असतील तर. बंद गाडी अर्ध्या तासात आतून तापते, बाहेर सत्तावीसच अंश असले तरी.

आणि पेजच्या आरक्षणापूर्वी घड्याळाचे एक लफडे समजून घ्या. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करत नाही. शेजारचे यूटा करते. ॲरिझोनातच असलेला नवाहो लोकांचा प्रदेशही करतो. अँटिलोप कॅनियन नवाहो प्रदेशात आहे, तरी तिथल्या फेऱ्या पेज गावाच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेने सुटतात. तुम्ही ब्राइसकडून येणार, तेव्हा एक तास हाती लागेल. पेजहून उलटे यूटात जाणार असाल तर एक तास जाईल. मोबाइल कोणत्या मनोऱ्याला चिकटला आहे त्याप्रमाणे तो दिवसभर वेळ बदलत राहतो. आमच्याकडचे एक कुटुंब मोबाइलवर विसंबून अकराच्या फेरीला दहालाच पोहोचले आणि तासभर ताटकळत बसले. मनगटावर साधे घड्याळ बांधा आणि पेजला पोहोचल्यावर फेरीच्या खिडकीवरच्या घड्याळाशी जुळवून घ्या.

औदुंबर (पुणे) | २७ जानेवारी

चावीचे एचएमटी घड्याळ आहे. दुरुस्तीला टाकतो.